गाडी थांबवायची पॉवर कुणाला?

आमच्या धंद्यात दर चार-पाच वर्षांनी एक नवा शब्द येतो आणि मग तो मीटिंगमध्ये, रेझ्युमेत, कॅन्टीनच्या पोस्टरवर, सगळीकडे दिसायला लागतो. 'एम्पॉवर्ड टीम' येऊन गेला. 'सेल्फ-ऑर्गनाइझिंग टीम' आला. २०२० साली स्क्रम गाइडची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात 'सेल्फ-ऑर्गनाइझिंग'च्या जागी 'सेल्फ-मॅनेजिंग' असा शब्द घातला गेला आणि आमच्याकडे लगेच सगळ्यांच्या स्लाइड्स बदलल्या. टीम त्याच, माणसं तीच, फक्त स्लाइड नवीन.

मराठीत म्हणायचं तर स्वयंपूर्ण टीम. स्वतःचं काम स्वतः ठरवणारी, स्वतः निभावणारी. ऐकायला झकास! पण तुम्ही आयटीत असाल तर प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगायला नको. तारीख वरून ठरून आलेली असते. काम किती करायचं तेही वरून. माणसं किती मिळणार, तेसुद्धा वरूनच. मग उरतं काय? तर शनिवारी कोण येणार आणि रविवारी कोण येणार. हे मात्र "तुमचं तुम्ही ठरवा, यू आर एम्पॉवर्ड!"

म्हणजे पूर्वी बॉस सांगायचा रविवारी या, आणि आपण त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. आता रविवारी यायचं आपणच ठरवतो, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी उरत नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मी आठ जणांची एक टीम सांभाळतो आणि गेल्या वर्षी याच मुद्द्यावर एका मुलीचं वर्षाचं रेटिंग अडकलं होतं. त्यावर येतोच. पण आधी जरा कोकणात जाऊन येऊ.

पनवेलला राहणाऱ्या माणसाला कोकण रेल्वे वेगळी सांगावी लागत नाही. गणपती जवळ आले की पनवेल स्टेशनवर काय गर्दी असते ते ज्यानं बघितलंय त्यालाच माहीत. गाडी मुंबईहूनच भरून आलेली, दारातले लोक "जागा नाय, जागा नाय, फुडच्या डब्यात जा" म्हणून ओरडतायत आणि पुढच्या डब्यातलेही तेच सांगतायत. दरवर्षी मीही त्या गर्दीत असतो. नेमकं बोलायचं तर कोकण रेल्वेची हद्द पनवेलपासून नाही, रोह्यापासून सुरू होते. पनवेल ते रोहा हा तुकडा मध्य रेल्वेचा. आणि त्या तुकड्याचा इतिहास मोठा गमतीशीर आहे. दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ आले १९६४ साली. तिथून आपट्यापर्यंत १९६६ साली. आणि रोह्याला पोचेपर्यंत १९८६ उजाडलं! पनवेल ते रोहा अंतर किती, तर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. त्याला बावीस वर्षं.

त्यापुढचं काम बघा. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या, मध्ये डोंगराच्या सोंडा, वर कोकणातला पाऊस. ९१ बोगदे, १७९ मोठे पूल आणि अठराशेच्या वर छोटे पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, २०१३ साली काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा तोच होता. हे सगळं काम करायला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं १९ जुलै १९९० रोजी आणि पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. साडेसात वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, पैसा मिळाला म्हणून झालं. बरोबर आहे. पैशाची सोय हे मोठं कारण होतंच. नेहमीच्या रेल्वे बजेटवर अवलंबून न राहता वेगळं महामंडळ काढलं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांचा. वर बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री, म्हणजे कोकण रेल्वेचा ध्यास असलेली माणसं नेमक्या वेळी नेमक्या खुर्चीत होती. हे सगळं खरं. पण पैसा आणि मंत्री असूनही रखडलेले प्रकल्प आपण काय कमी बघितलेत का? मला एक प्रोजेक्टवाला म्हणून जास्त इंटरेस्ट आहे तो ई. श्रीधरन यांनी ती टीम कशी लावली यात.

त्यांनी सगळ्या मार्गाचे सात भाग केले. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येक भागावर एक चीफ इंजिनिअर. हेडऑफिस इकडे बेलापूरला. भागाची वाटणी नीट बघा हं. एकाकडे सगळे पूल, दुसऱ्याकडे सगळे बोगदे, तिसऱ्याकडे जमिनी, अशी ती केली नव्हती. महाडवाल्याकडे महाडचे पूलही, बोगदेही आणि जमिनीही. या एका रेल्वेसाठी सुमारे ४२ हजार जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली. त्यात कुणाची आमराई जाणार, कुणाचं घर, कुणाचं देऊळ. 'ते दुसऱ्या डिपार्टमेंटचं काम आहे' म्हणायची सोय असती तर ती फाइल आजही फिरत असती.

आपल्याकडे नेमकं उलटं असतं. डेटाबेसवाले वेगळे, स्क्रीनवाले वेगळे, टेस्टिंगवाले तिसऱ्या मजल्यावर, रिलीज करणारे भलत्याच टाइमझोनमध्ये. अशा वाटणीत प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो आणि प्रॉडक्ट मात्र लटकतं. पुलावर रूळ टाकायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागते म्हटल्यावर पूल बांधणाऱ्याला स्वयंपूर्ण म्हणून काय उपयोग? टीमला स्वातंत्र्य द्यायचं तर आधी तिला अख्खा तुकडा द्यावा लागतो. भले छोटा द्या, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरी गोष्ट उलट्या घड्याळाची. श्रीधरन यांनी उलटी मोजणी करणारी घड्याळं लावली होती, अजून किती दिवस उरले ते दाखवणारी. पुढे दिल्ली मेट्रोतही त्यांनी तेच केलं. आता डेडलाइनचा धाक काय, आपल्याही डोक्यावर असतोच. मला त्यात आवडतं ते हे, की साहेबाला आणि साइटवरच्या इंजिनिअरला दिसणारा आकडा एकच होता. आपल्याकडे क्लायंटला सांगितलेली तारीख एक असते, मॅनेजरच्या एक्सेलमध्ये दुसरी आणि टीमला सांगितलेली तिसरी, दोन आठवडे आधीची, 'बफर' म्हणून. ही गोष्ट पोरांना कळत नाही असं ज्या मॅनेजरला वाटतं, त्याला मनापासून नमस्कार.

तिसरी गोष्ट, हातात येईल तसं चालू करणं. ७४१ किलोमीटर पूर्ण होईपर्यंत रूळ गंजत ठेवले नाहीत. १९९३ साली एकीकडे मंगळूर-उडुपी आणि दुसरीकडे रोहा-वीर, असे दोन्ही टोकांचे तुकडे सुरू झाले. मग १९९५ मध्ये गाडी खेडपर्यंत गेली, १९९६ च्या डिसेंबरात सावंतवाडीपर्यंत. ज्या बाईला रोह्याहून वीरला जायचं होतं, तिला मंगळुराच्या बोगद्याशी काय देणंघेणं? तिची गाडी सुरू झाली, विषय संपला. आपण 'इटरेशन' म्हणतो ते यापेक्षा वेगळं नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे श्रीधरन अजाइल होते! नाही हो. अजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला फेब्रुवारी २००१ मध्ये, अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी, सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी मिळून. तोवर कोकण रेल्वे धावायला लागून तीन वर्षं झाली होती. आणि पूल काही दर पंधरा दिवसांनी फीडबॅक घेऊन बदलता येत नाही. पण त्या जाहीरनाम्यामागच्या बारा तत्त्वांत एक असं आहे, की ज्यांना काम करायची उमेद आहे अशा माणसांभोवती प्रोजेक्ट उभं करा, त्यांना लागेल ती परिस्थिती आणि आधार द्या, आणि ती काम पुरं करतील यावर विश्वास ठेवा. आपल्याकडे यातलं शेवटचं तेवढं वाचलं जातं. विश्वास ठेवा म्हणजे वरच्याचं काम संपलं! मधलं ते 'परिस्थिती आणि आधार' कुणी वाचतच नाही, कारण तिथे वरच्याला मेहनत आहे.

कोकण रेल्वेची गोष्ट सांगताना लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. मला तिथे थांबता येत नाही.

मुळात काम पाच वर्षांत करायचं ठरलं होतं. ते झालं नाही. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन झालं, काम अडलं. आणि कठीण खडक फोडायला स्वीडनहून यंत्रं आणता आली, पण मऊ, पाण्यानं भरलेल्या मातीतून जाणारे नऊ बोगदे काही केल्या ऐकेनात. खणलं की पुन्हा ढासळायचं. पेडण्याच्या बोगद्यानं तर शेवटपर्यंत रडवलं. ते नऊ बोगदे जवळजवळ हातानं, इंचाइंचानं खणावे लागले. सगळ्या मार्गाच्या कामात ७४ माणसं गेली, त्यातली १९ त्या नऊ बोगद्यांत.

म्हणून स्वयंपूर्ण टीमचं कौतुक करताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. अधिकार खाली वाटले, ते छानच. पण ते किती खाली गेले? चीफ इंजिनिअरपर्यंत की ज्याच्या डोक्यावर माती आहे त्याच्यापर्यंत? जबाबदारी आणि धोका पार शेवटच्या माणसापर्यंत झिरपतात, त्यांना कुणी ढकलावं लागत नाही. अधिकार मात्र मधल्या कुठल्यातरी मजल्यावर अडकतो.

याचं उत्तर मला मिळालं आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडून. काका आयुष्यभर रेल्वेत, रुळांवर काम करणारे. आता रिटायर होऊन नवीन पनवेलला राहतात आणि संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड येऊन हॉलिडे स्पेशलला अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळली. त्यानंतर कोकण रेल्वेनं डोंगराच्या बाजूला जाळ्या मारल्या, उतार कमी केले, पावसाळ्यासाठी गाड्यांचं वेगळं टाइमटेबल, जोराचा पाऊस असेल आणि नीट दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटर, आणि धोक्याच्या जागी चोवीस तास गस्त. या गस्तीबद्दल मी काकांना विचारत होतो.

"काका, रात्री पेट्रोलिंगला गेलेल्या माणसाला पुढे दरड दिसली तर तो काय करतो?"

"गाडी थांबवतो."

"म्हणजे आधी स्टेशनला कळवतो, मग ते..."

"अरे, गाडी थांबवतो म्हटलं ना! लाल दिवा दाखवत पळत सुटायचं. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं."

(फटाका म्हणजे दिवाळीतला नव्हे. रुळाला बांधायची चपटी डबी. वरून इंजिनाचं चाक गेलं की असा आवाज होतो की ड्रायव्हरनं ब्रेक मारलाच पाहिजे.)

"पण साहेबाला न विचारता?"

"साहेब घरी झोपलेला असतो रे. दरड याच्यासमोर आहे."

"आणि नंतर कळलं की काहीच नव्हतं, तर?"

काका हसले. "तर गाडी लेट. तेवढंच. पण त्याला बोल लावलास ना, तर पुढच्या पावसात खरी दरड बघूनसुद्धा तो आधी विचार करत बसेल. आणि गाडीला तेवढा वेळ नसतो."

मग त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. गस्तीवरचा माणूस स्टेशनला पोचायची वेळ ठरलेली असते. त्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत तो आला नाही, तर स्टेशन मास्तर पुढची गाडी नेहमीसारखी सोडत नाही. ड्रायव्हरला लेखी कॉशन ऑर्डर देतो की पुढे बेतानं जा. म्हणजे माणूस आला नाही, काही बोलला नाही, याचा अर्थ 'सगळं ठीक असेल' असा धरायचाच नाही. शांतता म्हणजे धोका, असं नियमातच लिहिलंय.

आपल्या स्टँडअपमध्ये काय होतं आठवा. तोही पंधरा मिनिटांचाच असतो, योगायोग बघा! "काल याच्यावर काम केलं, आजही याच्यावरच करतोय, नो ब्लॉकर्स." तीन दिवस तेच वाक्य. आणि आपण मान डोलावून पुढच्याकडे वळतो. आमच्या टीममध्ये मी तेव्हापासून एवढंच बदललं. दोन दिवस एकच वाक्य आलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेजारी जाऊन बसायचं. चौकशी नाही, रिपोर्ट नाही. नुसतं "दाखव रे काय चाललंय." दहातल्या सात वेळा तिथे काहीतरी अडलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते.

आणि दुसरं म्हणजे फटाका. टीममधल्या कुणालाही, अगदी काल जॉइन झालेल्यालाही, रिलीज थांबवायचा अधिकार. मला विचारायचं नाही. थांबवायचं, मग सांगायचं.

आता ती रेटिंगची गोष्ट. नावं घेत नाही, कंपनीचंही नाही.

आम्ही एका क्लायंटसाठी पगाराच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शुक्रवारची संध्याकाळ, रिलीजची तयारी पूर्ण, तिकडे क्लायंटची माणसं जागी राहून वाट बघतायत. दीड वर्ष अनुभव असलेली आमची एक टेस्टर. तिला शेवटच्या तपासणीत तीन कर्मचाऱ्यांची कपात दोनदा झालेली दिसली. हजारो रेकॉर्डमधले तीन. कोडची भानगड की डेटाची, ते लगेच कळेना. मी तेव्हा ऐरोलीहून निघून पनवेलच्या गाडीत होतो. तिनं रिलीज थांबवलं आणि मग मला मेसेज केला. "थांबवलंय. कारण मेलमध्ये लिहिलंय." बस्स.

शनिवार दुपारपर्यंत शोधलं. कोड ठीक होता. टेस्टसाठी क्लायंटकडूनच आलेल्या डेटात ते तीन रेकॉर्ड दोनदा होते. म्हणजे दरड नव्हतीच. रिलीज झालं सोमवारी. क्लायंटनं एक कडक मेल पाठवला, तो वरपर्यंत गेला, आणि वरून प्रश्न आला, "या मुलीला थांबवायचा अधिकार कुणी दिला?"

मी दिला होता, आणि तसं लिहिलं. विषय तिथे संपायला हवा होता. पण वर्षाअखेरीच्या रेटिंगच्या मीटिंगमध्ये तिच्या नावापुढे एक शेरा आला, 'दबावाखाली घाबरते'. तुम्हाला ठाऊकच आहे, असा एक शेरा पुढची तीन वर्षं माणसाच्या मागे फिरतो. मी दीड तास भांडलो. म्हटलं, घाबरलेला माणूस गप्प बसतो. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सगळे घरी जायला उठलेले असताना, अख्ख्या ऑफिसची नाराजी अंगावर घेऊन 'थांबा' म्हणायला काय लागतं, ते कधी म्हणून बघा. तीन लोकांच्या पगारातून चुकीचे पैसे जातील म्हणून ती थांबली. तिला त्या क्षणी जेवढं दिसत होतं त्यात दुसरा कुठला निर्णय बरोबर होता, ते मला कुणीतरी सांगा.

शेरा निघाला. पण वरची श्रेणी मिळणार होती ती गेली, मधली मिळाली. म्हणजे पगारवाढीत फरक पडलाच. हा काही विजय नव्हे.

तिला ते सांगितलं तेव्हा ती चिडली नाही, रडलीही नाही. शांतपणे एवढंच विचारलंन, "मग पुढच्या वेळी थांबवू की नको?"

मंडळी, सगळं अजाइल, सगळं स्क्रम, सगळी सर्टिफिकेटं या एका प्रश्नासमोर येऊन उभी राहतात. तिला नुसतं "थांबव ग, मी आहे ना" म्हणणं सोपं होतं. पण मी उद्या दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो तर? गस्तीवाल्याचा अधिकार काही स्टेशन मास्तरच्या चांगुलपणावर चालत नाही. तो नियमात आहे. मास्तर बदलला तरी फटाका तोच.

म्हणून मी एक पानभर मजकूर लिहिला. कुणीही रिलीज थांबवू शकतं. थांबवताना दिसलेली गोष्ट दोन ओळींत लिहायची. अलार्म खोटा निघाला तर झालेला उशीर टीम लीडच्या खात्यावर, थांबवणाऱ्याच्या नाही. आणि रेटिंगमध्ये त्याचा उल्लेख करायचा नाही. या पानावर माझी सही, आणि दोन महिने मागे लागून माझ्या मॅनेजरचीही. खरं सांगायचं तर माझ्या मॅनेजरनं ती सही केली याचं मला आश्चर्य वाटलं. त्यानं सही करताना म्हटलं, "क्लायंटलाही हे पान दाखव." दाखवलं. क्लायंटला आवडलं! त्यानंतरच्या वर्षात रिलीज दोनदा थांबलं. एकदा पुन्हा काही नव्हतं. दुसऱ्यांदा करकपातीचा जुना तक्ता नव्या रिलीजमध्ये चालला होता, आणि तो पकडणारी तीच होती. तो गेला असता तर तीनच माणसांचा प्रश्न उरला नसता.

स्वयंपूर्ण टीम झाली की नाही हे ओळखायची माझी परीक्षा साधी आहे. गणपतीत मी आठ दिवस गावी जातो, राजापूर तालुक्यात. घरात रेंज येत नाही, फोन करायचा तर वरच्या सड्यावर जावं लागतं. पहिल्या वर्षी मी दिवसातून तीनदा सडा चढत होतो. आरती इकडे, मी तिकडे. आई म्हणाली, "तू सुट्टीवर आलायस की पाणी भरायला?" गेल्या वर्षी एकदाच चढलो, तेही भावाला दूध आणायला सांगायला. परत आलो तर एक रिलीज होऊन गेलेलं, एक मुद्दा त्यांच्या त्यांनी क्लायंटशी बोलून मिटवलेला, आणि एक निर्णय मी घेतला नसता असा. तो मी तसाच राहू दिला.

अर्थात हे सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. आठ माणसं आहेत, दोन-तीन वर्षं एकत्र आहेत, म्हणून जमतं. दर तिमाहीला दोन माणसं उचलून दुसरीकडे टाकली तर कुठलीच टीम स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. आणि उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रूक्स नावाच्या गृहस्थानं १९७५ सालीच लिहून ठेवलंय. पन्नास वर्षं झाली त्याला. आपण अजूनही वाढवतोच.

तर तुम्ही टीम लीड असाल, किंवा तुमच्यावर कुणी लीड असेल, तर सोमवारी गेल्यावर एवढं विचारून बघा. आपल्याकडे अख्खा तुकडा आहे की नुसता पूल? सगळ्यांना दिसणारी तारीख एकच आहे का? कुणी गप्प असेल तर आपण त्याचा अर्थ काय धरतो? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: आपल्यातल्या सगळ्यात नव्या माणसानं गाडी थांबवली आणि पुढे काहीच नव्हतं, तर त्याच्या पगारवाढीचं काय होईल?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीममधल्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. स्लाइडवर काहीही लिहिलेलं असो.

चला, उशीर झाला. हापूस संपला, आता पावसाळी टाइमटेबल बघून गणपतीची तिकिटं काढायचीत. ती मिळवायला मात्र कुठलंच अजाइल कामाला येत नाही! बाकी पुढच्या शनिवारी.